ऊबपेटीचा उस्ताद

घरात कप विसळायची वेळ आली की उस्तादांचे हात लुळे पडत. एरवी ते हात चांगले धडधाकट होते. घास तोंडापर्यंत नेताना, पत्ते पिसताना त्यांना काही होत नसे. पण बायकोनं स्वयंपाकघरातून नुसतं "अहो, जरा..." म्हटलं की बोटांतली सगळी शक्ती निघून जाई. "मला नाही गं जमत," असं ते इतक्या कळवळून म्हणत की ऐकणाऱ्यालाच अपराधी वाटावं.

ही कीर्ती त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मेहनतीनं कमावली होती. बायकोनं एकदा भांडी घासायला सांगितली, तर त्यांनी काचेची बरणी फोडली. दुसऱ्यांदा सांगितली, तर कढई घासून अशी तेलकट ठेवली की ती तिच्या हातातून निसटून पायावर पडली. तिसऱ्यांदा तिनं भांड्यांचा नाद सोडला आणि फरशी पुसायला सांगितली. त्यांनी इतकं पाणी ओतलं की खालच्या मजल्यावरचे शेजारी छत्री उघडून वर आले. त्यानंतर तिनं हात टेकले.

"जाऊ दे गं," त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई लेकीला समजावत. "स्वभावानं गरीब आहेत, वेळेवर घरी येतात. अजून काय पाहिजे? पुसापुशी आपण दोघी करू."

उस्ताद हे ऐकून मान खाली घालत आणि पाय पसरून बसत.

आता गंमत अशी, की ज्या संस्थेत ते नोकरीला होते तिथे त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणत, आणि ते पुसापुशीतलेच उस्ताद होते. संस्थेच्या प्रयोगशाळेत एक मोठा मायक्रोस्कोप होता आणि त्याच्याभोवती पारदर्शक ॲक्रिलिकची पेटी. जिवंत पेशी भिंगाखाली दिवसेंदिवस ठेवून त्यांची फिल्म काढायची, तर त्यांना शरीरात असते तशी ऊब लागते, ओलावा लागतो. हे दोन्ही या पेटीत मिळे, म्हणून तिचं नाव ऊबपेटी. पण जिथे ऊब, ओलावा आणि खाऊ एकत्र आले, तिथे बुरशी बिनबोलावता येते आणि येताना गोतावळा घेऊन येते. तिला दारातच अडवणं हे उस्तादांचं काम होतं.

आणि ते काय काम करत! पाण्याचा ट्रे काढून कोपऱ्यांसकट घासायचे, त्यात शुद्ध केलेलं पाणी भरायचे. दाराच्या रबरी पट्टीच्या खाचेतून कापसाची काडी फिरवायचे. धातूच्या भागांना अल्कोहोल लावायचे, पण ॲक्रिलिकला चुकूनसुद्धा नाही, कारण अल्कोहोल लागलं की ॲक्रिलिकला केसाएवढे बारीक तडे जातात आणि पेटी कायमची धुरकट होते. त्यासाठी वेगळं मऊ फडकं होतं, आणि ते फिरायचं एकाच दिशेनं. पेटीच्या दारावर बोटाचा ठसा सापडला तर उस्ताद सगळ्यांचे हात तपासत. मोठमोठे शास्त्रज्ञ शाळेतल्या पोरांसारखे पंजे पुढे करून उभे राहत.

घरी यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं. बायकोनं कधीतरी विचारलं होतं, "तुम्ही तिथे नक्की करता काय?"

"यंत्रांवर लक्ष ठेवतो."

"बसून?"

"बसूनच. पण फार बारीक लक्ष ठेवावं लागतं."

तिनं त्यावर विश्वास ठेवला. बसणं त्यांना जमतं याचा पुरावा ती रोज बघतच होती.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग संस्थेच्या संचालकबाईंच्या डोक्यात आलं की एक रविवार संस्थेचे दरवाजे सगळ्यांना उघडायचे. लोकांनी यावं, बघावं, प्रश्न विचारावेत. त्यांनी उस्तादांना बोलावून घेतलं.

"उस्ताद, तुम्ही तीन वाजता ऊबपेटी साफ करून दाखवायची. सगळ्यांसमोर."

"मॅडम, त्यात काय बघायचंय? नुसती पुसापुशी."

"तुमची पुसापुशी बघायला मी हातातलं काम टाकून येते. आणि हो, घरच्यांना आणा."

उस्तादांनी घाईनं सबब काढली. "बायकोला धुळीचा त्रास आहे, मॅडम."

"मग तर इथे आलंच पाहिजे. तुमच्या खोलीत धूळ औषधालासुद्धा मिळायची नाही."

उस्तादांनी घरी अवाक्षर काढलं नाही. पण संचालकबाई बोलून थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. दोनच दिवसांनी भाजीच्या दुकानात त्यांना उस्तादांची बायको भेटली, आणि संध्याकाळी उस्ताद घरात पाऊल ठेवतात न ठेवतात तोच प्रश्न आला.

"अहो, तुमच्या मॅडम भेटल्या होत्या. रविवारी तुमचा कार्यक्रम आहे म्हणे! कसला हो?"

उस्तादांनी चपला सावकाश काढल्या. खरं सांगावं तर इतक्या वर्षांची पुण्याई एका वाक्यात बुडणार. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि त्या घामानंच त्यांना विषय सुचवला.

"भाषण आहे. उष्णतेवर."

"तुमचं? भाषण?"

"अगं बाई!" सासूबाई आतून आल्या. "जावई भाषण करणार आणि आम्हाला पत्ता नाही?"

"फार रुक्ष असतं, आई. सगळे आकडेच आकडे."

"असू देत. आम्ही टाळ्या वाजवू. टाळ्या वाजवायला कळावं लागतं थोडंच?"

"किती वाजता आहे?" बायकोनं विचारलं.

"पाच वाजता," उस्ताद म्हणाले. तीनला सुरू झालेलं काम चारपर्यंत आटोपणार. पाचला या दोघी येतील तेव्हा पेटी बंद, लोक पांगलेले. भाषण रद्द झालं म्हणून तोंड पाडलं की झालं. तोंड पाडण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

एकच गोष्ट त्यांनी हिशेबात धरली नव्हती. सासूबाई दवाखान्यात डॉक्टरांच्याही आधी पोचत, आणि लग्नाला गेल्या तर मांडव घालणारे त्यांनाच विचारत की खुर्च्या कुठे मांडू.

रविवारी प्रयोगशाळेत खुर्च्यांच्या रांगा लागल्या होत्या. उस्तादांनी पांढरा अंगरखा चढवला, टोपी घातली, हातमोजे घातले. तेवढ्यात पेशीवाली आली. ही संस्थेत प्रबंध लिहिणारी मुलगी. दिवसरात्र पेशींबद्दलच बोलायची म्हणून तिला हे नाव पडलं होतं.

"उस्ताद, आज जीव ओतून करा हं. चार वाजता माझ्या पेशी आत जाणार आहेत. या पुन्हा मिळायच्या नाहीत. बुरशी लागली तर माझा प्रबंध गेला."

"माझ्या हातची पेटी आहे," उस्ताद छाती काढून म्हणाले. "बुरशीची काय टाप लागून..."

आणि त्यांची नजर दाराकडे गेली. दारातून सासूबाई येत होत्या. मागे बायको. दोघी थेट पहिल्या रांगेत येऊन बसल्या आणि सासूबाईंनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवली.

"इथे कुणी बसू नका हं," त्या आजूबाजूच्यांना म्हणाल्या. "जावयांसाठी धरली आहे. भाषण आहे त्यांचं."

उस्तादांनी झटक्यात तोंडावरची पट्टी नाकावर ओढली, टोपी भुवयांपर्यंत खाली घेतली आणि डोळ्यांना जाड चष्मा लावला. आता त्यांचा म्हणून जो काही भाग उघडा राहिला तो फक्त कान होता.

"माझा घसा बसला," ते पेशीवालीच्या कानात पुटपुटले. "तू बोल, मी करतो."

"आत्ता तर बोलत होतात!"

"आत्ताच बसला."

नवरा सात पडद्यांआड असला तरी बायको त्याला ओळखते म्हणतात. पण इथे अडचण अशी होती की तिनं या माणसाला काम करताना कधी बघितलंच नव्हतं. ताठ पाठीचा, चपळ हातांचा हा कुणी पांढऱ्या अंगरख्यातला गृहस्थ तिच्या नवऱ्यासारखा कुठूनच दिसत नव्हता.

पेशीवाली बोलू लागली आणि उस्ताद काम करू लागले. मुद्दाम गचाळपणे करावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. एखादा थेंब सांडावा, फडकं उलटसुलट फिरवावं. पण पेटीचं दार उघडलं आणि हात त्यांचं ऐकेनात. ट्रे अलगद बाहेर आला, कोपरे घासले गेले, कापसाची काडी खाचेतून सरसरत गेली. घरी इतकी वर्षं आज्ञेत राहिलेले हात इथे उघड उघड फितूर झाले होते.

"बघ गं," सासूबाई कुजबुजल्या. त्यांचं कुजबुजणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचत असे. "काय हात आहे या माणसाचा! कोपरा न् कोपरा बघतोय. याच्या बायकोनं मागच्या जन्मी मोठं पुण्य केलेलं दिसतंय."

"नाहीतर आपण," बायको म्हणाली. "आपल्याकडे बरण्या फुटतात."

उस्तादांचे कान लाल झाले. आपली इतकी मनापासून स्तुती या दोघींनी आजवर केली नव्हती, आणि ती ऐकून वळायचीही सोय नव्हती.

"अहो दादा," सासूबाईंनी थेट त्यांनाच हाक मारली, "घरीही असंच करता का हो?"

उस्तादांनी जोरात मान हलवून नाही म्हटलं. खोली हसली.

"करत जा हो. आणि आमच्या जावयांनाही शिकवा जरा. ते इथेच कामाला आहेत. पाच वाजता उष्णतेवर भाषण आहे त्यांचं."

"भाषण?" कडेला उभ्या असलेल्या संचालकबाई पुढे आल्या. "आज कुणाचंच भाषण नाही."

पेशीवालीनं उस्तादांकडे पाहिलं. जाड चष्म्यामागचे डोळे तिला काकुळतीनं काहीतरी सांगत होते. प्रकरण काय ते तिला समजलं नाही, पण आपली पेटी अर्धी उघडी आहे आणि ती कुणाच्या हातात आहे हे तिला पक्कं समजत होतं.

"आहे, मॅडम," ती म्हणाली. "छोटंसंच आहे. घरगुती."

संचालकबाई आणखी काही विचारणार, तेवढ्यात त्यांची नजर बायकोवर गेली आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, तुम्ही आलात! या ना पुढे. तुम्हीच करून बघा थोडं. तुमचं घर तर काय, आरशासारखं असेल!"

"आहे तसं," बायको उठत म्हणाली. "पण ते मी आणि आई ठेवतो."

"तुम्ही?" संचालकबाई गोंधळल्या. "मग हे काय करतात?"

"ते लक्ष ठेवतात."

बायको ऊबपेटीपाशी आली. उस्ताद पेटीच्या दुसऱ्या बाजूला सरकले. ती पुढे आली की ते मागे, ती वाकली की ते ताठ. पेशीवालीनं तिच्या हातांत हातमोजे चढवले. पेटीच्या दारावर पाण्याचा एक थेंब राहिला होता. बायकोचा स्वभाव असा की डाग दिसला की हात गेलाच. तिनं टेबलावरची फवाऱ्याची बाटली उचलली. ती अल्कोहोलची होती. तिनं नळी ॲक्रिलिकच्या दाराकडे रोखली आणि बोट खटक्यावर ठेवलं.

उस्तादांच्या डोळ्यांसमोर दोन चित्रं उभी राहिली. एकात ते पाय पसरून बसले होते आणि पेटीला तडे गेले होते. दुसऱ्यात पेटी लख्ख होती आणि त्यांच्या हातात घरची कढई होती. विचार करायला सवड असती तर त्यांनी काय ठरवलं असतं कोण जाणे. सवड मिळाली नाही.

"अगं, नको! तडे जातील!"

उस्तादांनी एका हातानं बाटली काढून घेतली, दुसऱ्या हातातलं मऊ फडकं दारावरून वरून खाली असं एकदाच फिरवलं, आणि थेंब असा गेला की तो कधी होता असं वाटू नये. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. परक्या बाईला भर सभेत 'अगं' म्हणणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा तिचा नवरा.

बायकोनं हात पुढे केला आणि हातमोज्यातल्या एका बोटानं त्यांच्या तोंडावरची पट्टी खाली ओढली.

"अहो?"

उस्तादांना बोलायला तोंड राहिलं नव्हतं, आणि होतं ते उघडं पडलं होतं.

"म्हणजे," सासूबाईंनी खुर्चीवरची पर्स सावकाश उचलली, "हेच का ते उष्णतेवरचं भाषण?"

लोकांना वाटलं, हे सगळं बसवलेलं नाटक आहे. त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. उस्ताद मान खाली घालून उभे होते. त्यांना वाटलं, बायको आता इथेच काय ते बोलणार. पण तिनं पेशीवालीच्या घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आधी पेटी पुरी करा," ती हळूच म्हणाली. "त्या पोरीचं काम खोळंबलंय. आपलं घर कुठे पळून जात नाही."

उस्तादांनी पेटी पुरी केली. चार वाजता पेशी आत गेल्या, आणि पुढे त्यांची फिल्म अशी निघाली की पेशीवालीनं प्रबंधाच्या पहिल्या पानावर उस्तादांचे आभार मानले. पण ते सुख नंतरचं. त्या दिवशी तिघं थेट घरी परतली. घरात शिरल्यावर बायकोनं घासणी आणि साबण त्यांच्या हातात दिला.

"हात लुळे पडलेत का?"

"नाही."

"मग लागा."

उस्ताद लागले. सुरुवातीला त्यांना फाशी जाणाऱ्या माणसासारखं वाटत होतं. पण ओट्यावरून पहिलं फडकं फिरलं, खालचा दगड चमकला, आणि त्यांच्या अंगात काहीतरी जागं झालं. त्यांनी बाह्या वर केल्या. त्या रात्री सासूबाईंनी ताटात स्वतःचा चेहरा पाहिला आणि केस नीट केले.

"सोनं घरात होतं आणि आपण कोळसा समजत होतो गं," त्या लेकीला म्हणाल्या.

हे कौतुक आठवडाभर टिकलं नाही. कारण उस्तादांना अर्धवट काम येत नव्हतं. त्यांना ते शिकवलंच नव्हतं कुणी. स्वयंपाकघरात फडक्यांना जातीपाती आल्या. ओट्याचं फडकं नळाला लागलं तर ते उकळत्या पाण्यात जाई. कुकरच्या झाकणाची रबरी रिंग काढून तिच्या खाचेतून कापसाची काडी फिरू लागली, आणि ती फिरून होईपर्यंत डाळ वाट बघत बसे. टोपी घातल्याशिवाय आत यायला बंदी झाली. सासूबाई पाणी प्यायला उठल्या तर उस्ताद आडवे येत.

"आई, तो नळ आत्ताच पुसलाय. दुसऱ्या नळाचं घ्या ना."

"दुसरा नळ न्हाणीघरात आहे!"

"तो सकाळी पुसलाय. त्याला चालेल."

एकदा बायको चहा पीत बसली होती. तिनं कप टेबलावर ठेवला, उस्तादांनी तो उचलला, खालचा गोल वळ पुसला, कप परत ठेवला. तिनं घोट घेऊन पुन्हा ठेवला, त्यांनी पुन्हा पुसलं. शेवटी तिनं चहा उभ्यानं संपवला. मग उस्तादांनी मायलेकींना शेजारी उभं करून म्हटलं, "फ्रिजच्या दारावर ठसा आहे. दोघींनी जरा हात दाखवा."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "याच्यापेक्षा फुटकी बरणी परवडली गं!"

बायकोनं उस्तादांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "अहो, तुमच्या पाया पडते. तुम्ही बाहेर बसा. आजपासून स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही."

असं त्यांना सगळं जसंच्या तसं परत मिळालं, आणि तेही एकही लबाडी न करता. कुणालाही वाटेल, उस्तादांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या असतील. पण त्यांना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाईट वाटलं. ते बाहेर बसत, आणि आतून फडक्याचा गोल गोल फिरण्याचा आवाज आला की त्यांची बोटं मांडीवर एकाच दिशेनं फिरू लागत.

पुढच्या सुट्टीला मायलेकी बाजारात गेल्या. जिन्यावरची पावलं विरली आणि उस्ताद उठले. त्यांनी टोपी घातली. ओटा पुसला, नळ पुसला, शेगडीच्या बटणांमागे काडी फिरवली, कपाच्या कानाच्या आतली बाजूसुद्धा सोडली नाही. सगळं स्वयंपाकघर झगमगू लागलं. ते मधोमध उभे राहून बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते, तोच खालून सासूबाईंचा आवाज आला. त्या अर्थातच लवकर परतल्या होत्या.

उस्तादांची धांदल उडाली. हे असं सापडलो तर घराबाहेरच बसावं लागेल. त्यांनी धुतलेला कप घाईघाईनं चहाच्या गाळात बुडवून ओट्यावर उपडा केला. थोडा चहा सांडला. फडकं मुद्दाम चुरगाळून नळावर टाकलं. मग बोटाला तेल लावून ते फ्रिजपाशी गेले, क्षणभर थांबले, आणि काळजावर दगड ठेवून त्यांनी लख्ख दारावर अंगठा उमटवला. दार वाजलं तेव्हा ते बाहेर वर्तमानपत्र घेऊन बसले होते.

बायको आत गेली. "बघ आई, काय पसारा आहे हा! कप तसाच. एवढासा चहा सांडलाय, तोही पुसवला नाही यांना."

"राहू दे गं, बोलू नकोस," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "ऐकतील आणि उठतील."

बायकोनं ओलं फडकं घेतलं आणि सांडलेला चहा गोल गोल फिरवून ओटाभर पसरवला. उस्तादांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर उंच धरलं, कारण ते त्यांना बघवत नव्हतं.